भेगांची काळजी कशी करावी: नवशिक्यांसाठी

बुऱ्हाणपूरजवळच्या दापोऱ्यात जुनं घर घेतलंत, अभिनंदन. रजिस्ट्री झाली, वास्तुशांत झाली. आता काळजीला लागायला हरकत नाही. वेळ रात्रीची निवडावी. वीज गेल्यावर बॅटरीच्या तिरक्या उजेडात कुठलीही भेग दुप्पट रुंद दिसते.

भेग लगेच सगळ्यांना दाखवू नका. सासरे म्हणतील, "विचारायचं होतंत जावईबापू." शेजारचे अप्पा म्हणतील, "ही तर आम्ही चड्डीत होतो तेव्हापासून आहे." यातली अप्पांची बातमी चांगली, पण नवशिका नेमका तिनंच घाबरतो. मग मिस्त्री येतो, भिंतीवर टकटक करतो आणि विचारतो, "कुणी बांधलं हो हे?" हा प्रश्न त्यानं स्वतः बांधलेल्या घरातही विचारलेला आहे. विकणाऱ्याला गाठलंत तर तो सगळं खापर भूकंपावर फोडेल. 14 मार्च 1938 ला सातपुड्यात मोठा भूकंप झाला हे खरं, पण मागच्या वर्षीच्या गिलाव्यातली चीर त्याच्या खात्यावर घालू देऊ नये.

बुऱ्हाणपुरात सांगतात, ताजमहाल इथंच व्हायचा होता, जमीन पेलेना म्हणून आग्ऱ्याला गेला. मुमताज 1631 मध्ये बुऱ्हाणपुरात वारली एवढं नक्की. बाकीचं खरं असेल, तर घराआधी मातीची चौकशी करणारा एक तरी माणूस होऊन गेला म्हणायचा.

कारण खरी गोम मातीतच आहे. आपली काळी जमीन केळीला मानवते, कपाशीला मानवते, पायाला मानवत नाही. तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तुमचं जोतं त्याच मातीवर बसलंय. रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं यावर उपाय काढला: खाली फुगवटा असलेले खांब, हलणाऱ्या थराच्याही खाली, साधारण साडेतीन मीटर उतरवायचे. तुमचं घर बांधणाऱ्यानं कमरेएवढं खणून नारळ फोडला होता.

म्हणून काळजी वर्षभराची धरा. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख घाला. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्हीकडून घट्ट चिकटवा. ती तडकली तर भिंत हलतेय. उन्हाळ्यात उघडून भाद्रपदात मिटणारी भेग ऋतू पाळते. दोन्ही ऋतूंत वाढतच जाणारी पाळत नाही. वैशाखात सिमेंट भरून मोकळे होऊ नका. पावसाळ्यात भिंत परत जागेवर यायला बघते, तिथं सिमेंट बसलेलं असतं, मग शेजारी दुसरी चीर निघते आणि मिस्त्रीचा मुलगा शिकतो.

मोजायला एटीएम कार्ड घ्या. ते पाऊण मिलिमीटर जाड असतं. आत जात नसेल तर तेवढ्यावर झोप घालवणं ही उधळपट्टी आहे. गिलाव्यावरची कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षीही सोडून द्या. जुन्या मातीच्या भिंतीला नवी विटांची खोली जोडली, तर सांध्यात उभी चीर पडणारच. दोन्ही आपापल्या चालीनं बसतात. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघून पाच मिलिमीटरच्या पुढं गेलेली भेग मात्र मन लावून काळजी करण्याजोगी. आणि आडव्या भेगेसोबत भिंतीचं पोट बाहेर आलं असेल, ओळंबा धरल्यावर स्पष्ट दिसत असेल, तर वाचणं थांबवा, खाट तिथून हलवा आणि इंजिनियरला बोलवा.

आता जे कुणी बघत नाही ते बघा: पाणी कुठं मुरतंय. न्हाणीचं पाणी भिंतीलगत सोडायचं आणि त्यावर चार केळी लावायची, ही आपल्याकडची जुनी हौस. त्या बाजूची माती बारमाही ओली, अंगणाकडची वैशाखात कोरडी ठणठणीत. एक कोपरा फुगलेला, दुसरा आकसलेला. मधल्या भिंतीनं काय करावं? पन्हाळीचं पाणीही बहुतेक घरांत पायाशीच पडतं. पाणी पाइपानं लांब न्या, भिंतीभोवती उताराची फरशी करा, केळी परसाच्या टोकाला हलवा.

हे शेवटचं घरात बोलून पाहा. आईनं लावलेली, घडाला आलेली केळी भेगेपायी उपटायची म्हणालात, की पुढचे आठ दिवस भेगेची काळजी करायला तुम्हाला सवड मिळणार नाही.