बंदीचा योग नाही

माझ्या नाटकावर बंदी यावी, अशी माझी जुनी इच्छा आहे. पूर्ण बंदी जमत नसेल तर निदान दोन-चार कट सुचवावेत, एखाद्या वाक्याखाली लाल रेघ ओढावी. मग मी पत्रकारांना बोलावून ‘एक अक्षरही बदलणार नाही’ असं ठणकावणार होतो. भिलाईत मराठी वार्ताहर कुठून आणणार, म्हणून ते वाक्य आरशासमोर उभं राहून हिंदीतही बसवून ठेवलं होतं.

5 नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, सेक्टरातल्या मैदानावर माझीच एकांकिका करायचं मंडळात ठरलं आणि परवानग्यांचं काम मी ओढून घेतलं. पोलाद प्लांटात उभा जन्म गेला, गाव ओळखतं, एका फोनचं काम आहे, असं मी बैठकीत म्हणालो. ‘कोणाच्या फोनचं?’ असं बायकोने तिथेच विचारलं. ते इतिवृत्तात आलेलं नाही.

मैदान प्लांटच्या टाउनशिपचं, बंदोबस्त पोलिसांचा, लाउडस्पीकरची मंजुरी तिसरीकडे. प्रत्येक खिडकीला आधी दुसऱ्या खिडकीचा कागद हवा असतो. त्यात आमचा मुहूर्त असा की आधी दिवाळी आणि मग 1 नोव्हेंबर, म्हणजे राज्योत्सव. छत्तीसगड सन 2000 मध्ये त्या दिवशी जन्माला आलं, आणि तेव्हापासून त्या आठवड्यात सगळं सरकारी मनुष्यबळ मंडप, खुर्च्या आणि मंत्र्यांच्या गाड्या यांतच गुंतलेलं असतं. सरकारच स्वतः सांस्कृतिक कार्यक्रम करत असताना आमच्या संस्कृतीकडे कोण बघणार?

एका कार्यालयात मात्र बाबू जागेवर सापडले. फॉर्मात ‘कार्यक्रम का प्रकार’ असा रकाना होता आणि त्यापुढे चौकोन: वैवाहिक, धार्मिक, राजनैतिक, अन्य. मी विष्णुदास भाव्यांपासूनच्या सगळ्या परंपरेला मनातल्या मनात नमस्कार केला आणि ‘अन्य’वर खूण केली.

“अंकल, बॉक्स कितने लगेंगे?”

“दोन. पण तुम्ही आधी संहिता बघा,” म्हणत मी बाइंड केलेली प्रत पुढे सरकवली. “व्यवस्था पर करारा व्यंग्य है.”

त्यांनी प्रत हातात घेतली, वजनाचा अंदाज घेतला आणि पंख्याच्या वाऱ्याने उडणाऱ्या अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवली. “डीजे तो नहीं है ना?”

डीजे नव्हता. मग त्यांनी वाळून खडखडीत झालेल्या स्टॅम्पपॅडवर बाटलीच्या झाकणाने पाणी शिंपडलं, शिक्का त्यावर घोळवला आणि माझ्या अर्जावर एक फिकट जांभळा ओघळ उमटवला. करारा व्यंग्य गठ्ठ्यावरच राहिलं. परत मागितलं तेव्हा म्हणाले, “दूसरा कुछ भारी है क्या, अंकल?”

आता माझा आवडता विषय काढतो. घाईत असणाऱ्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावं. लेखकाला कसं वागवावं ते इंग्रजांना कळत होतं. युवराजाच्या भेटीवर कलकत्त्याच्या रंगभूमीने प्रहसन केलं, तर त्यांनी 1876 मध्ये देशभरासाठी अख्खा नाट्यप्रयोग कायदा केला. खाडिलकरांनी 1907 साली ‘कीचकवध’ लिहिलं. कीचकाच्या आड लॉर्ड कर्झन दिसतो, हे ज्याला त्याला कळलं, सरकारलाही कळलं आणि 1910 मध्ये बंदी आली. सरकारने नाटक समजून घ्यावं, यापरता नाटककाराचा सन्मान कोणता? स्वातंत्र्यानंतरही महाराष्ट्राने ही रीत सोडली नाही. तिथे संहिता वाचायला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळच आहे. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ला 1972 मध्ये तिथून कटांची यादीच मिळाली, आणि दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात जाऊन जिंकून आले. हे असं व्हावं लागतं! 1876 चा तो कायदा केंद्राने 2018 मध्ये रद्द करून टाकला. मी लिहायला बसलो तोवर दुकान बंद.

आणि भावे? 1843 च्या सुमारास सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी कर्नाटकातला भागवत मेळा पाहिला आणि भाव्यांना सांगितलं, असं काही मराठीत करा. म्हणजे राजाच परवानगी घेऊन नाटककाराकडे आला. एक खिडकी योजना म्हणतात ती ही.

आमच्या वाट्याला आला 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियम, मध्य प्रदेशाच्या काळातला. त्याला नाटकात काय बोलता याच्याशी देणंघेणं नाही, किती मोठ्याने बोलता एवढंच बघायचं. जोडीला केंद्राचे 2000 चे ध्वनिप्रदूषण नियम: राहत्या वस्तीत दिवसा 55 डेसिबल, रात्री 45, आणि दहा ते सहा लाउडस्पीकर बंद. माझ्या नायकाचं स्वगत व्यवस्थेची चिरफाड करतं, पण ते पंचावन्नच्या आत करत असेल तर व्यवस्थेची काही हरकत नाही.

बाहेर दाराशी स्टुलावर एक म्हातारे चौकीदार बसत. त्यांनी मात्र विचारलं, नाटक कशावर आहे. मी गोष्ट सांगायला लागलो आणि ते ऐकत राहिले; अख्ख्या इमारतीत तेवढे एकटेच. तरुणपणी ते नाचा पार्टीत, म्हणजे इथल्या लोकनाट्यात, ‘परी’ व्हायचे. तबला कमरेला बांधून, मशालींच्या उजेडात, गावच्या मैदानावर पहाटेपर्यंत. आमचं दहाच्या आत संपणार, असं मी अभिमानाने म्हणालो, तर ते हसले. “दस बजे त हमन सिंगार करे बर बइठन.” दहाला आम्ही नटायला बसायचो.

याच नाचातले नट घेऊन हबीब तन्वीर 1982 मध्ये ‘चरणदास चोर’सकट एडिंबरोला गेले आणि पारितोषिक घेऊन आले. इथून जवळच्या गनियारीच्या तीजनबाई उभ्या राहून कापालिक ढंगात पंडवानी, म्हणजे पांडवांची कथा, गायल्या. तेव्हा बाईने तसं गायचं नसे. जातीने बाहेर काढलं तरी त्या गायल्या, आणि पुढे पद्मविभूषण झाल्या. त्यांना कोणत्या खिडकीवर पाठवलं असतं? नियमांत सवलत आहे म्हणा: वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, तीही मध्यरात्रीपर्यंत. म्हणजे रातभरचा नाचा लाउडस्पीकर लावून करायचा तर त्याला कायद्यात जागाच नाही. नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही, पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याने झोपायचं कधी? पण त्याच पाळीवाल्याच्या खिडकीची तावदानं लग्नसराईत डीजे हादरवून जातो. बिलासपूरच्या हायकोर्टाला त्या गोंगाटाची स्वतःहून दखल घ्यावी लागली, इतका तो माजला आहे. मग दहाचा ठोका नेमका ऐकतं कोण? ज्याच्याकडे दोन बॉक्स आहेत, तो.

परवानगी आली. तीत नाटकाचं नाव ‘मराठी आर्केस्ट्रा’ असं आहे. दुरुस्तीसाठी नवा अर्ज लागतो, म्हणून तसंच ठेवलं आहे.

तेव्हा भिलाई-दुर्गच्या मराठी मंडळींनी 5 तारखेला संध्याकाळी सातला यावं. प्रवेश विनामूल्य आहे, मैदानात डास आहेत, आणि आवाज कमी असल्याने पुढच्या रांगांत बसावं. पत्रिकेत संयोजकाचं नाव चौथ्या ओळीत आहे, लेखकाचं दुसऱ्या. दोन्ही माझीच आहेत.