कारसीटसह प्रवासाचा शास्त्रोक्त विधी

प्रस्तुत विधी परदेशातून मुंबईच्या उपनगरांत, विशेषतः मुलुंडला, लहान बाळासह येणाऱ्या कुटुंबांसाठी आहे. बोरिवली आणि घाटकोपरच्या मंडळींनी रस्त्यांची नावं बदलून तो जसाच्या तसा वापरावा. अंधेरीकरांचं घर विमानतळाच्या उशाशी, त्यामुळे ‘एवढंसं तर जायचंय’ हा युक्तिवाद त्यांच्याकडे सगळ्यांत बळकट असतो. त्यांनी विधी दोनदा वाचावा.

साहित्य: कारसीट एक, तिच्या मापाची पिशवी, तिची छापील पुस्तिका, बाळ आणि बाळाचे आजोबा. पहिल्या चार वस्तू बरोबर आणायच्या. पाचवी मुंबई विमानतळाच्या टी-टू टर्मिनलच्या बाहेर रेलिंगला टेकून विमान उतरायच्या दोन तास आधीपासून उभी असते. या आजोबांना पुढे ‘बाबा’ म्हटलं आहे, कारण घरात सून धरून सगळे तेच म्हणतात. बाबा एलबीएस रोडवरच्या एका कारखान्यातून सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. त्यांनी स्वतःची दोन मुलं आणि भावाची तीन मुलं एकाच स्कूटरवरून, कधी कधी एकाच वेळी, सुखरूप नेली-आणली आहेत. हा सगळा विधी वरवर कारसीटचा दिसला तरी मुळात बाबांचा आहे.

मुहूर्त. हा पंचांगात सापडत नाही, विमान कंपनीच्या भाडेपत्रकात सापडतो. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसून जाऊ शकतं आणि आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं तिकीट मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्क्यांत होतं. दोन पूर्ण झाली की स्वतःची खुर्ची आणि तिचं भाडं. परतीच्या आधी वाढदिवस आला, तर परतीला खुर्ची घ्यावीच लागते. मुलुंडात समजूत अशी असते की मुलगा गणपतीसाठी येतोय, रजा मोठ्या मुश्किलीनं मिळालीय. खरं म्हणजे यंदा गणपती बाळाच्या तेविसाव्या महिन्यात पडलेले असतात. चुलतभावाचं लग्न बाळाच्या वाढदिवसाच्या अलीकडे ओढावं, असं मुलगा व्हिडिओ कॉलवर आडून आडून सुचवतो, तेही याच कारणासाठी.

आता प्रश्न: मांडी की खुर्ची? इथे विधीची भाषा थोडी बाजूला ठेवावी लागेल. १९ जुलै १९८९ रोजी युनायटेड एअरलाइन्सचं २३२ क्रमांकाचं विमान अमेरिकेत आयोवातल्या सू सिटीच्या धावपट्टीवर कोसळलं. चार मुलं मांडीवर होती. तेव्हाच्या प्रचलित सूचनेनुसार केबिन क्रूच्या प्रमुख जॅन ब्राऊन यांनी पालकांना मुलं पायांशी, जमिनीवर ठेवायला सांगितलं. चारांतलं एक मूल गेलं. ब्राऊन पुढे वर्षानुवर्षं एकच मागणी करत राहिल्या, की प्रत्येक मुलाला स्वतःची, पट्ट्यांची जागा सक्तीची करा. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानंही तेच पुन्हा पुन्हा सुचवलं. विमान वाहतूक प्रशासनानं सक्ती केली नाही. त्यांचा हिशेब असा, की जास्तीचं तिकीट परवडलं नाही तर लोक मोटारीनं जातील आणि रस्त्यावर विमानापेक्षा जास्त मुलं मरतील. हिशेब चुकीचा नाही. पण न्यूजर्सीहून मुलुंडला मोटारीनं येता येत नाही.

ऐपत असेल तर खुर्ची घ्यावी, एवढंच. घेतली तर कारसीटवर लाल अक्षरांत ‘मोटार आणि विमान दोन्हींसाठी प्रमाणित’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ आहे का ते घरीच बघावं, कारण विमानाच्या दारात ती ओळ शोधताना मागे तीनशे माणसं उभी असतात. सीटची रुंदी मोजावी. सोळा इंचांपर्यंतची सीट बहुतेक विमानांत मावते, त्याहून रुंद असली तर हातांच्या दांड्यांशी भांडण होतं. जागा खिडकीची, म्हणजे संकटात कुणाची वाट अडत नाही. आणीबाणीच्या दाराची रांग वर्ज्य. नुसता बूस्टर विमानात चालत नाही, कारण त्याला खांद्यावरचा पट्टा लागतो आणि विमानात तो नसतो. वर्षावरच्या, दहा ते वीस किलोंच्या मुलासाठी ‘केअर्स’ नावाचा पट्ट्यांचा संच मिळतो. तो खुर्चीच्या पाठीला बांधतात आणि तो पर्समध्ये मावतो. प्रत्येक कंपनीचे नियम वेगळे असल्यामुळे आधी विचारावं आणि उत्तर छापून जवळ ठेवावं. फोनवर जी बाई हो म्हणाली, ती दारात नसते.

भिंतीला अडकवायचा पाळणा मिळाला तर आनंद मानावा, पण उड्डाणाला, उतरताना आणि धक्के बसताना बाळ त्यातून काढावं लागतं. म्हणजे नुकतंच झोपलेलं असताना.

सीट सामानात टाकायची असेल तर ती बहुतेक कंपन्या फुकट नेतात. पिशवीत सीटभोवती डायपर कोंबावेत. सीटला मऊ आवरण मिळतं आणि डायपर तर लागतातच. या मोकळ्या जागेत बदाम, चॉकलेटं आणि शेजारच्या काकूंनी मागवलेल्या व्हिटॅमिनच्या बाटल्याही मावतात, हा शोध प्रत्येक मराठी कुटुंबाला स्वतंत्रपणे लागतो.

टी-टू. रात्रीचे दोन. बाबा पुढे येऊन बाळाला कडेवर घेतात, ते मुलुंडपर्यंत उतरवायचं नाही असा निर्धार करूनच. इथून विधीचा मुख्य भाग सुरू होतो.

‘तिकडे’ हा शब्द वर्ज्य.

मुलानं ‘तिकडे असं करतात’ म्हटलं, की बाबा ‘आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?’ म्हणणार, आणि त्याला उत्तर नाही, कारण वाढलेलं मूल समोर उभं असतं. त्याऐवजी आकडे सांगावेत. कारखान्यातला माणूस आकड्यांना मान देतो. ताशी ५० किलोमीटर वेगानं आदळणं म्हणजे जवळजवळ दहा मीटरवरून, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून पडणं. गाडी अर्ध्या मीटरात थांबली, तर दहा किलोंचं बाळ हातात धरून ठेवायला सुमारे दोनशे किलोंचा जोर लागतो. बाबा मनात गुणाकार करतात. गप्प होतात. मग म्हणतात, ‘पण रात्री रस्ता मोकळा असतो.’ हाच तर घोळ आहे. दिवसा साकीनाक्याला गाडी पंधराच्या वर जात नाही, वाहतूक कोंडीच बाळाला सांभाळते. रात्री दोनला जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर तोच ड्रायव्हर ऐंशीला टेकतो.

आता गाडी. ॲपवरून बोलावलेली असो की ओळखीच्या ट्रॅव्हल्सवाल्याची, डिकीत सीएनजीची टाकी असणारच. म्हणून बॅगा कॅरिअरवर, उरलेल्या पायांशी, आणि मोठ्यांपैकी एक जण मागच्या गाडीत. मागच्या सीटवर पांढरं किंवा फुलाफुलांचं कव्हर ताणून बसवलेलं असतं आणि बेल्टचं बकल त्याच्या खाली गाडलेलं असतं. ड्रायव्हर म्हणतो, ‘साब, पीछे कोई लगाता नहीं.’ त्याच्याशी वाद घालू नये, कव्हर वर करावं. मोटार वाहन कायद्यातलं १९४-ब हे कलम १ सप्टेंबर २०१९ पासून लागू आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा बालआसन नसेल तर एक हजार रुपये दंड, असं ते सांगतं. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ चारोटीला उद्योगपती सायरस मिस्त्री मोटार अपघातात मागच्या सीटवर बेल्टविना गेले, आणि १ नोव्हेंबरपासून मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा केला. चार दिवस बकलं वर आली होती. मग पुन्हा कव्हरं चढली.

बकल सापडलं म्हणून काम झालं नाही. अमेरिकेतल्या गाडीचा बेल्ट पूर्ण ओढून सोडला की टिकटिक करत आत जातो आणि तिथेच पक्का होतो. इथल्या बहुतेक गाड्यांत मागचा बेल्ट झटका बसला तरच अडकतो, एरवी ढिला. त्या भरवशावर बांधलेली अमेरिकन सीट पवईच्या वळणावर मान टाकते. उपाय दोन. सीटवरच बेल्ट अडकवायची पकड असेल, किंवा तिच्या पाठीमागे पत्र्याची छोटी क्लिप खोचलेली असेल, तर ती वापरायची. नाहीतर मागच्या दोन गाद्यांच्या फटीत बोटं घालून आयसोफिक्सच्या, म्हणजे कारसीट थेट गाडीला अडकवायच्या, दांड्या चाचपायच्या. नव्या गाड्यांत त्या बऱ्याचदा असतात, अमेरिकन सीटचे हूकही त्यांत बसतात. दांडी ६ मिलिमीटर जाडीची, दोन दांड्यांत अंतर २८० मिलिमीटर.

हे शेवटचं वाक्य बाबांच्या समोर मोठ्यानं म्हणावं. विधीचं मर्म इथे आहे, बाकी सगळं पुस्तिकेत मिळतं. बाबांना मत विचारू नये, काम द्यावं. सीट बसवताना तिच्यावर वजन टाकून पट्टा आवळावा लागतो, आणि बाबांचं वजन ८४ किलो आहे. ‘बाबा, जरा गुडघा टाका’ एवढं म्हटलं की ते बाळ आईकडे देतात आणि आत शिरतात. बेल्ट जिथून जातो तिथे सीट धरून हलवायची, एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. बाबा हलवतात. ‘ढिली आहे,’ म्हणतात. पुन्हा आवळतात. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांच्या गाडीतल्या दांड्यांवर व्हर्निअर लावलेलं दिसतं.

बाळाचं तोंड मागे, म्हणजे गाडीच्या पाठीकडे. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानानं जड आणि मान कोवळी. पुढून धक्का बसला तर पाठ झेलते, मान नाही. ‘पाय दुमडतात हो त्याचे,’ असं आजी म्हणेल. बाळाला त्याचं काही नसतं. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर अशी सीट कधीही लावू नये, याला तडजोड नाही. छातीवरची क्लिप काखेच्या पातळीला, आणि खांद्यावरचा पट्टा चिमटीत येणार नाही इतका घट्ट. बाबांना पुढे बसवावं. मागची सीट मागे तोंड करून लावली की पुढचीला सरकावं लागतं, त्यामुळे त्यांचे गुडघे डॅशबोर्डला लागतात. ते तक्रार करत नाहीत, काम त्यांनी केलेलं असतं.

मग बाळ रडतं.

गांधीनगरचा सिग्नल यायच्या आत रडतंच. गाडीतले सगळे एकाच वेळी बोलू लागतात, फोनवरून आत्यासुद्धा: ‘अगं काढ त्याला, दहा मिनिटांचा तर रस्ता.’ सगळी प्रमाणपत्रं, दांड्या, लाल अक्षरं इथे हरतात. गाडी बाजूला घ्यावी, थांबल्यावर बाळाला काढावं, पाजावं, फिरवावं, परत बांधावं. चालत्या गाडीत काढू नये. बायकोला दोष देऊ नये, आईला तर नाहीच. ड्रायव्हरला वेटिंगचे पैसे वर द्यावेत, तो मग आरशातून बाळाला ‘क्या हुआ हीरो’ म्हणतो, आणि त्याचा उपयोग होतो.

रिक्षा: विधीत याला उत्तर नाही. मुलुंड स्टेशनहून घरी येताना बाळ आईच्या मांडीवर आणि कारसीट बापाच्या मांडीवर, असं दृश्य दिसतं खरं. रिक्षात बेल्टच नाहीत, सीट बांधायची कशाला? कॉलनीत, बाजारात, हळू चालणाऱ्या गर्दीत लोक रिक्षानं जातात आणि जाणारच, अनेकांना दुसरं काही परवडत नाही. हायवेवरून मात्र जाऊ नये. स्कूटरचं म्हणाल तर १५ फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हेल्मेट, मोठ्याला जोडणारा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा नियम आहे. बाबांना हा नियम सांगू नये. त्यांना पाच मुलं आठवतात.

उलट दिशेला, म्हणजे बाबा-आई तिकडे गेल्यावर (लेखात हा शब्द चालतो), नायगारा बघायला गाडी भाड्यानं घेतली जाते. काउंटरवर सीट रोजच्या भाड्यानं मिळते. घेण्याआधी खालचं लेबल बघावं. अमेरिकेत सीटला मुदतीची तारीख असते, साधारण सहा ते दहा वर्षांची. पुस्तिका आहे का, पट्टे उसवलेत का, आधी अपघातात सापडलेली आहे का, हे विचारावं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर काउंटरवरच्या पोराला माहीत नसतं. म्हणून घरचीच न्यावी. बाबा एव्हाना ती डोळे मिटून बसवतात आणि पार्किंगमध्ये अनोळखी माणसांच्या सीटाही हलवून बघतात.

परत जाताना सीट मुलुंडलाच ठेवावी. पुढच्या वर्षी लागेल, आणि मधल्या काळात सोसायटीत फिरते. व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबा अटी टाकतात: पुढे लावणार नाही, मुदत संपली की परत, अपघात झाल्यास लपवू नये. बोरिवलीच्या भाच्याला नकार मिळाला, कारण त्यानं ‘बघू, जमेल तसं’ म्हटलं. सीट परत येते तेव्हा खाचांमध्ये पार्ले-जीचा चुरा असतो आणि दोन पायांमधलं बकल खट्कन लागत नाही. ते उलटं करून झटकावं, आवाज येईपर्यंत कोमट पाण्यात खळबळावं, उन्हात नव्हे तर सावलीत वाळवावं. पट्टे मशीनमध्ये धुवू नयेत. बकलात तेल अजिबात घालू नये, त्याला चुरा आणखी चिकटतो, हे पुस्तिकेत जाड अक्षरांत दिलं आहे. ते वाचून होईपर्यंत बाबांनी शिलाई मशीनचं तेल घालून झालेलं असतं.