हाडाचा शिक्षक

निवृत्तीच्या समारंभात सरपंचांनी मला 'हाडाचा शिक्षक' म्हटलं, शाल दिली, नारळ दिला. घरी येऊन त्याच नारळाचं खोबरं चावलं आणि उजवीकडची खालची दाढ हलली.

हिरडीतून रक्त यायचं ते दोन वर्षांपासून. पण दुखत नव्हतं, आणि आमच्या सिद्धेश्वर गावात न दुखणाऱ्या गोष्टीसाठी दवाखान्यात जाणं म्हणजे पैसा जास्त झाल्याचं लक्षण. शेजारच्या आबांनी तुरटी सांगितली. त्यांच्या कारभारणीने मिश्रीची डबीच पुढे केली. तिच्या तोंडात चार दात उरलेत, तेवढ्यावरूनच मी ती नाकारली.

शेवटी नांदेड गाठलं. हिरड्यांचे डॉक्टर वेगळे असतात, हे मला साठीला कळलं. त्यांनी खुणा केलेली बारीक सळई हिरडी आणि दात यांच्या फटीत घातली आणि आकडे बोलू लागले, "तीन, तीन, सात." तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, सात म्हणजे खड्डा. जन्मभर मी पोरांना आकडे ओरडून सांगितले, आज माझेच कुणी सांगत होतं.

"सर, दात हिरडीवर नाही, हाडावर उभा असतो. कीट साचतं, सूज येते आणि खालचं हाड झिजतं."

हे मला लगेच पटलं. पूर्णा नदीवर वर येलदरी धरण, खाली आम्ही; १९६८पासून धरणाच्या मातीच्या भिंतीच्या भरवशावर झोपणारं आमचं गाव. भराव खचला की वरच्या दगडाचं काय होतं, हे आम्हाला इंजिनिअरने सांगावं लागत नाही.

आधी खोल सफाई, साखरेची तपासणी, मगच हाडाची भर. तीही सगळीकडे टिकत नाही. खड्ड्याला बाजूंनी भिंती असतील तर चुरा धरून राहतो. हाड सपाट झिजलं असेल तर टिकायला आधार नाही. माझ्या नशिबी विहीर होती. विहिरीचा इतका आनंद गावात गेल्या उन्हाळ्यातही कुणाला झाला नसेल.

"हाड कुणाचं घालणार?" आईने विचारलं. ती माळकरी. डॉक्टरांनी पर्याय सांगितले: स्वतःचं, दुसऱ्या माणसाने दान केलेलं, प्रक्रिया केलेलं जनावराचं, किंवा कृत्रिम. माणसाच्या नावालाच आईने कानाला हात लावले, आणि जनावराचं नाव निघताच तिने माळ हातात घेतली. कृत्रिमवर एकमत झालं.

हिरडी उघडून रव्याएवढे पांढरे दाणे भरले, वर पातळ पडदा आणि टाके. ते दाणे म्हणजे नुसती परांची. त्यांच्या आधाराने हाड आपलं शरीरच बांधतं, आणि सरकारी कामासारखं सावकाश. तोवर तंबाखू बंद, त्या बाजूने चावणं बंद. ऐन हुरड्याच्या दिवसांत मी शेतात बसून मऊ भात खाल्ला. लोक मला बघून जायचे.

सहा महिन्यांनी एक्स-रे काढला. काळ्या खड्ड्यात पांढरं भरलेलं दिसलं. मी डॉक्टरांना धरणापासून कालव्यापर्यंत सगळं समजावून सांगत होतो, बाहेर रोगी ताटकळत होते.

"डॉक्टर," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "त्या दाण्यांतले थोडे उरलेत का? यांच्या जिभेसाठी हवे होते."