पाच पान्यांचे काका

इंग्लंडात जिथे म्हणून चार मराठी घरं आहेत, तिथल्या एका घरापुढे रविवारी हमखास जॅकवर चढवलेली गाडी दिसते आणि तिच्या बाजूला पालथं पडलेलं एक चाक. तेच काकांचं घर. सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून आले, हॅरो नाहीतर स्लाउला घर घेतलं, यथावकाश निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत गॅरेजवाल्याला मजुरीची एक पेनी दिलेली नाही, हे लंडनच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत उभं राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नसेल त्याला रांग संपेपर्यंत होतं.

गाडी फोर्ड कॉर्टिना. कंपनीने १९८२ साली ती बंद केली, पण काकांनी ही बातमी मनावर घेतलेली नाही. चाळिशी ओलांडलेल्या, फारसा फेरफार न केलेल्या गाड्यांना २०१८पासून एमओटीची वार्षिक तपासणी माफ आहे. काका तरीही दरवर्षी गाडी नेतात. “परीक्षा माफ झाली म्हणून पेपर द्यायचा नाही? नापास होण्याची भीती वाटते त्यांनी घरी बसावं!”

त्यांची पोथी म्हणजे हेन्सचं मॅन्युअल. जॉन हेन्स या गृहस्थांनी १९६६ साली पहिलं काढलं; खरीखुरी गाडी सुटी करायची, पुन्हा जोडायची आणि टप्प्याटप्प्याचे फोटो छापायचे, ही पद्धत. कुठलं काम किती अवघड, हे पान्यांच्या चित्रांनी दाखवलेलं: एक पाना नवशिक्याला, पाच पाने उस्तादाला. काका सगळं आयुष्य याच मापाने मोजतात. घराचं कर्ज, तीन पाने. थोरलीचं लग्न, चार. व्याह्यांची समजूत, पाच.

पुढच्या चाकातून घरघर ऐकू आली की काकांना तरतरी येते. चाक उचलायचं, एक हात वर बारावर, दुसरा खाली सहावर, आणि हलवून बघायचं. खुडखुडलं की हाक: “अगं, ब्रेक दाब!” काकू स्वयंपाक टाकून गाडीत बसतात. ब्रेक दाबल्यावर खुडखुड थांबली तर दोष बेअरिंगचा, नाही थांबली तर बॉल जॉइंट वगैरे दुसरंच काही. काकूंना गाडी उत्तम चालवता येते, पण या गाडीत त्यांचा हुद्दा ब्रेक दाबण्यापलीकडे गेलेला नाही. “अहो, सोडू का आता? भाजी लागतेय!” “लागू दे. निदान झाल्याशिवाय पाय काढू नकोस!”

मग जॅकवर भरवसा न ठेवता गाडी स्टँडवर घ्यायची, चाक काढायचं, ग्रीसची टोपी ठोकून उतरवायची, स्प्लिट पिन ओढायची. खरी गंमत नटाची. हब फिरवत फिरवत नट आवळायचा, म्हणजे आतले निमुळते रोलर नीट बसतात. आणि मग तोच नट किंचित सैल करायचा. फार आवळला तर बेअरिंग तापून जळते, सैल राहिला तर चाक डुलतं. पोरांच्या मार्कांपासून पाहुण्यांच्या वेळेपर्यंत जन्मभर सगळं आवळत आलेला हा माणूस इथे मात्र बोटाच्या टोकाने नट मागे घेतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, “राहू दे जरासा.” काकू हे दृश्य दर वेळी मुद्दाम बघायला येतात.

शेजारचा इंग्रज म्हातारा चहाचा मग घेऊन कुंपणापाशी उभा असतो. दोघं मिळून पाऊण तास त्या नटाकडे बघतात. या मुलखात इतका मनापासूनचा संवाद दुसरीकडे मी पाहिलेला नाही.

मुलाच्या नव्या गाडीत मात्र काकांचं काही चालत नाही. आजकालच्या बहुतेक गाड्यांत बेअरिंग बंदिस्त. बिघडली की सगळीच बदलायची, नट आवळून-सोडून जुळवण्यासारखं काही ठेवलेलंच नसतं. “म्हणजे माणसाने करायचं काय?” काका विचारतात.

जुन्या स्प्लिट पिना ते लोणच्याच्या रिकाम्या बरणीत साठवतात, पण चाकात कधीच परत घालत नाहीत. तुमच्याकडे अशी जुनी गाडी असेल तर तुम्हीही घालू नका. नवी पिन अगदी स्वस्तात मिळते आणि चाक तिच्या भरवशावर असतं.