कुंपणावरून कॅप राऊंड

“काय वहिनी, पेढे कधी?”

“कसले पेढे, काकू! बंड्याला ९७ पडले. सासूबाई गल्लीभर सांगत सुटल्यात, शंभरात सत्त्याण्णव! आणि हा तोंड पाडून बसलाय खोलीत.”

“पोराला कळतंय ते. अहो, मार्क नव्हेत, पर्सेंटाईल आहे. इंजिनिअरिंगच्या सीईटीला चार लाख पोरं बसली असं धरा. ९७ म्हणजे त्यातली बारा हजार याच्या पुढं.”

“बारा हजार! मग पुण्याचं सीओईपी गेलंच म्हणायचं.”

“सीओईपी काय नि मुंबईचं व्हीजेटीआय काय, खुल्या गटात कॉम्प्युटर ९९ च्या पुढच्या दशांशांत संपतं. आपल्या सांगलीचं वालचंदसुद्धा अवघडच. पण म्हणून कॅपच्या, म्हणजे प्रवेशफेऱ्यांच्या, फॉर्मात लिहायचंच नाही असं थोडंच आहे?”

“कोपऱ्यावरच्या तर म्हणत होत्या, मिळणारं कॉलेज आधी लिहा, वरची नावं टाकून संधी घालवू नका.”

“त्याच ना? त्यांच्या पुतण्यानं तेच केलं. पहिल्या नंबरला घराजवळचं कॉलेज लिहिलं, पहिल्याच फेरीत लागलं, विषय संपला! पहिला पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो. पुढच्या फेऱ्या बघत बसला बिचारा. अहो, यादी वरून खाली बघतात. वरचं नाही लागलं तर खालचं. वर मोठं नाव लिहिलं म्हणून खालचं हातचं जात नाही.”

“मग टाकते सगळी मोठी नावं वर.”

“थांबा, एवढ्यात नको. २०२५ पासून फेऱ्या चार झाल्यात. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं काही लागलं, तिसरीत पहिल्या सहांतलं लागलं, तरी घ्यावंच लागतं. नाही घेतलं तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा पहिल्या सहांत मनापासून हवं तेच. भाऊजी म्हणतात म्हणून मोठ्या कॉलेजचं मेकॅनिकल वर घालाल, ते लागेल, आणि पोरगं चार वर्षं तुमच्या नावानं खडे फोडेल.”

“तुम्हाला बरं एवढं माहीत!”

“दोन्ही नातवंडांचे फॉर्म माझ्यासमोर भरलेत हो.”

“मग ही कटऑफची यादी तेवढी सांगा. ह्यांनी छापून आणलीय. जीओपनएच, एलओपनओ... गाड्यांचे नंबर वाचल्यासारखं होतंय.”

“सोपं आहे. पुढचं जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे फक्त मुलींसाठी. मधे गट. शेवटी एच असेल तर गृह विद्यापीठ, ओ असेल तर बाहेरचं, एस म्हणजे राज्यभराला खुलं. विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात तिथल्या पोरांना ७० टक्के जागा, बाहेरच्यांना ३०. आपण शिवाजी विद्यापीठातले, म्हणजे पुण्याच्या अशा कॉलेजात बंड्या ओ मध्ये.”

“अगंबाई! हे तर एच चे आकडे बघून खूश झालेत.”

“सांगा त्यांना. आणि नुसतं पर्सेंटाईल बघू नका, शेजारी मेरिट नंबर असतो तो बघा. पोरांची संख्या दरवर्षी बदलते, जागाही बदलतात. बंड्याचा नंबर गेल्या वर्षीच्या शेवटच्या नंबराशी ताडून बघा, मग अंदाज येतो.”

“पण त्याला कॉम्प्युटरच हवंय.”

“मग आयटी, एआय-डेटा सायन्स हेही लिहायला सांगा. डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, ऑपरेटिंग सिस्टीम सगळीकडे शिकवतातच. पाटीवरच्या नावापेक्षा अभ्यासक्रम बघावा. आणि घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसची फीमाफी योजना सोडू नका. शिक्षण शुल्क माफ. जागा ५ टक्केच, त्यामुळं कटऑफ चढा असतो, पण लिहायला काय जातंय?”

“काकू, एक सांगू? हे कोपऱ्यावरच्यांना बोलू नका हं. त्यांच्या पिंकीलाही ९७ च आहेत म्हणे.”

“कालच सांगून झालं.”

“काकू!”

“अहो, विचारलं तर काय खोटं बोलू? आणि बंड्याला कानावर घालून ठेवा, पिंकी जी मध्येही धरली जाते नि एल मध्येही.”