लॅपटॉपची समजूत

आमच्या लॅपटॉपची अशी ठाम समजूत झाली होती की, त्याला हेडफोन लावलेला आहे. वास्तविक हेडफोन खणात पडला होता, तोही शिरच्छेद झालेल्या अवस्थेत. चिरंजीवांच्या पायात वायर अडकली, पिन मोडली आणि तिच्या टोकाचा मणी जॅकमध्येच राहिला. तेव्हापासून स्पीकरनं मौन धरलं.

ही पिन साडेतीन मिलिमीटर जाडीची. टोकाशी ती जरा बारीक होते आणि जॅकमधली स्प्रिंग नेमकी तिथेच पकड घेते. पिन मोडली तरी ती पकड सुटत नाही. शिवाय बऱ्याच जॅकमध्ये एक पट्टी असते. पिन आत शिरली की पट्टी सरकते, पट्टी सरकली की हेडफोन आला, हेडफोन आला की स्पीकर बंद! समोर उभ्या असलेल्या आजोबांकडे हयातीचा दाखला मागणाऱ्या कारकुनाइतकाच लॅपटॉपही नियमाला पक्का. डोळ्यांना काय दिसतं, हा प्रश्नच नाही.

खरं तर पिनेचं घराणं मोठं. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटर बायका हिच्याच पाव इंची पणजीला या भोकातून त्या भोकात खोचून लोकांची बोलणी जुळवून देत. २०१६ साली ॲपलनं आयफोन ७ मधून हे भोकच काढून टाकलं आणि त्याला 'धैर्य' म्हटलं. तेव्हा मी खो खो हसलो होतो. हल्ली तितकं हसू येत नाही.

वरच्या मजल्यावरचे काका टूथपिक आणि फेविक्विक घेऊन हजर झाले. टूथपिकला थेंब लावायचा, मण्याला टेकवायचा, ओढायचं. थेंब मोठा झाला तर मण्याचा आणि जॅकचा जन्मोजन्मीचा संबंध जुळेल, असं म्हणत मी लॅपटॉप पोटाशी धरला. बायको म्हणाली, "यूएसबीला लावायचं छोटं साउंड कार्ड दोन-तीनशेत मिळतं. ते लाव आणि विषय संपव." उपाय फारच व्यवहार्य असल्यानं मी तो फेटाळला.

शेवटी दुरुस्तीवाल्यांची तपकीर गल्ली गाठली. कारागिरानं खालचं झाकण उघडलं, जॅकची मागची बाजू उघडी आहे हे पाहून तिकडून सुई घातली आणि मणी टुणकन टेबलावर पडला. मी पाकीट काढणार, तोच तो म्हणाला, "पण साहेब, पट्टीत दम राहिला नाही. जॅक काढून नवा सोल्डर करावा लागेल. या मॉडेलचा आत्ता नाहीये, मागवावा लागेल."

म्हणजे आता समजूत उलटी झाली. खराखुरा नवा हेडफोन खोचला तरी लॅपटॉप त्याचं अस्तित्व मानत नाही आणि सगळं स्पीकरवरून घरभर ऐकवतो. काल मीटिंगमध्ये साहेब शुक्रवारच्या डेडलाइनवर घसरले होते. स्वयंपाकघरातून आई कडाडली, "अरे, कोण हा मघापासून शुक्रवार शुक्रवार करतोय? शुक्रवारी मावशीकडे सत्यनारायण आहे म्हणावं!"

माइक मात्र ठणठणीत आहे. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. मग साहेब म्हणाले, "ठीक आहे काकू, सोमवार चालेल."