तीस बाय चाळीस

पोस्टरवाले काका कुणाकडे गेले की आधी भिंतीपाशी जातात, मग खुर्चीकडे वळतात. ही जात मुंबई-पुण्यात बरीच आढळते. ओळखायची खूण म्हणजे काखेत पीव्हीसी पाइपचा तुकडा. प्लंबर समजून एका बाईंनी त्यांना थेट मोरीत नेलं. काकांनी मोरी नीट पाहिली आणि "पलीकडच्या भिंतीला ओल येणार, तिथं काही टांगू नका," असं सांगून बाहेर आले.

पाइपात असतं चोरबाजारात घासाघीस करून मिळवलेलं जुन्या सिनेमाचं पोस्टर. ३० बाय ४० इंच. टीपॉय असो, खिडकी असो, की होणाऱ्या सुनेच्या माहेरची दर्शनी भिंत असो, काका सगळं याच मापात बघतात. बाबूराव पेंटरांच्या 'कल्याण खजिना'चं १९२४ चं पोस्टर आजही बघायला मिळतं, मग आपलं का टिकू नये, हा त्यांचा सवाल. फक्त टिकवायचं ते स्वस्तात.

चिकटपट्टी ही त्यांची सात जन्मांची वैरीण. तिचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो. लॅमिनेशनचं नाव काढलं की ते ताडकन उठतात. "गरम प्लॅस्टिक एकदा बसलं की निघत नाही. पोस्टरचं मेनूकार्ड होतं!" फेव्हिकॉललाही बंदी, कारण तो कायमचा जोडतो, आणि "कागदाला घटस्फोटाची सोय हवी." म्हणून मैद्याची खळ, कारण ती पाण्यानं सुटते. मागं लावायला धुतलेलं मांजरपाट. ऐन दिवाळीत मैद्याचा डबा रिकामा सापडला, तेव्हा काकू पाहुण्यांना म्हणाल्या, "यंदाचे शंकरपाळे भिंतीवर बघा."

तेही खोटंच. भिंतीवर काही नाहीच. ऊन लागलं की रंग उडतात, ओलीनं बुरशी येते, म्हणून सगळा खजिना बटरपेपरात गुंडाळून पलंगाखाली. दर्शनी भिंतीवर फक्त किराणा दुकानाचं कॅलेंडर.

एखादं पोस्टर मढवायचं ठरलंच, तर फ्रेमवाल्याचा भाव ऐकून काकांना घाम फुटतो. मग पुण्याच्या जुन्या बाजारातून रविवारी देवादिकांची लाकडी चौकट आणायची (आतले देव परत द्यायचे, पैसे कमी करून घ्यायचे). जड काचेऐवजी ॲक्रिलिकची शीट. पाठीला हार्डबोर्ड थेट लावायचा नाही, त्यातलं आम्ल कागदात उतरतं. मध्ये आम्लविरहित पुठ्ठा हवाच. आणि चारही बाजूंनी माउंट, म्हणजे काच आणि कागद यांत सूतभर हवा खेळते. नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला असा चिकटतो की सोडवताना नायिकेचा चेहरा काचेवरच राहतो. एवढं सगळं स्वस्तात जमवायला रिक्षाला किती गेले, ते काकूंनी विचारायचं नसतं.

परवा शेजारच्या आळीत आम्ही समाचाराला गेलो. हार घातलेल्या आजोबांच्या फोटोसमोर काका बराच वेळ उभे. चष्मा कपाळावर, नाक फोटोला टेकलेलं. गहिवरले असतील असं वाटून थोरल्या मुलानं खांद्यावर हात ठेवला. काका कळवळून म्हणाले, "आजोबा काचेला टेकलेत हो. पावसाळा काढायचे नाहीत."

तेराव्याच्या आत माउंट घालून फोटो घरपोच केला, पैसे घेतले नाहीत. उंबऱ्यावर चपला घालता घालता फक्त हळूच विचारलं, "आजोबा सिनेमे बघायचे का हो? नाही म्हणजे, माळ्यावर काही गुंडाळ्या वगैरे...?"